सप्त्याच्या भोंग्यावरची बाई

आमच्या गावात हरिनामाचा सप्ता चालू असताना देवळाच्या भोंग्यावर भरदुपारी एक इंग्रजी गाणं वाजलं, आणि ते माझ्यामुळे वाजलं. जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत मी इतकी वर्षं उगवण तपासते आहे, दोन लेकरं मार्गी लावली, जाफराबादकडच्या आमच्या त्या गावातून शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी मीच; पण त्याचं कुणाला काही नाही. आजही मी एसटीतून उतरले की पारावरचं कुणीतरी शेजारच्याला सांगतं, "ही पाह्य, भोंग्यावर इंग्रजी लावल्ती ती." पूर्वी मला राग यायचा. आता मी त्यांच्याकडे बघून मान डोलावते आणि घराकडे वळते.

ते गाणं ज्या अल्बममधलं, तो माझ्याकडे हॉस्टेलपासून आहे. तेव्हाच्या औरंगाबादला शिकत होते. खोलीतली मैत्रीण जालन्याच्या ख्रिस्ती कुटुंबातली, तिची आई चर्चमध्ये गायची. नाताळच्या सुट्टीहून परत येताना तिने एक कॅसेट आणली. पॉप गाणारी एक जगप्रसिद्ध बाई, तिने एका सिनेमात काम केलेलं, सिनेमाची गोष्ट एका चर्चच्या आसपास घडणारी, आणि त्या सिनेमाचा हा अल्बम. बाईचं नाव मी लिहीत बसत नाही. ज्यांनी ऐकलाय ते ओळखतील, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना नावावरून काय कळणार? सिनेमा मी अजून पुरता पाहिलेला नाही. एकदा लावला होता, पण गाणं संपून माणसं बोलायला लागली की माझं लक्ष उडायचं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शब्द कळलेच नाहीत. माझं इंग्रजी गाईडपुरतं होतं. पण एक बाई एकटी सुरू करते, सांगावं की सांगू नये अशा आवाजात, मागे नुसता पियानो. दुसऱ्या कडव्याला मागून माणसं येतात, बाया-पुरुष दोन्ही, आधी दबकत आणि मग गळा मोकळा सोडून. टाळ्या पडायला लागतात. टाळ्यांची जागा कुणी ठरवून दिलेली नसावी, ज्याला राहवत नाही तो वाजवतो. आणि मग ती पुढची बाई अशी काही वर जाते की मी खाटेवर उठून बसले. मैत्रिणीला म्हणाले, "हे तर आमच्या नानांचं भजन आहे." तिला वाटलं मी थट्टा करते आहे. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

थट्टा नव्हती. तिची समजूत घालायला मी तिला पुढच्या सुट्टीत गावी नेलं आणि देवळात बसवलं. भजन संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुझं बरोबर होतं." कॅसेट तिने मला देऊन टाकली. पुढे टेप गुंडाळली गेली, पेन्सिलीने सरळ करून झाली, मग सीडी आली, आता फोनमध्ये आहे. प्रयोगशाळेत ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडून सोयाबीनचे मोड बघताना मी तोच अल्बम कानात घालून बसते. त्यातली काही गाणी नुसती पॉप आहेत, ती मी पुढे ढकलते. पण चर्चमधली जी आहेत, त्यांचा मला अजून कंटाळा आलेला नाही. जगभर नाव झालेली बाई, पैसा, झगमगाट, सगळं पाठीशी. आणि तरी ती या गाण्यांत अशी गाते की जणू पहिल्या रांगेत तिची आई बसली आहे आणि एकही सूर खोटा लागला तर घरी गेल्यावर विचारणार आहे. मला तिचं हे फार आवडतं. मोठी झाली, पण ज्या गाण्याने तिला मोठं केलं त्याच्यापुढे ती लहानच उभी राहते.

नाना म्हणजे माझे वडील. शेती करणारा माणूस, पण गावात ओळख गळ्याची. आमच्या भजनी मंडळात पुढे उभं राहून गाणारे तेच. त्यांचा आवाज मऊ नव्हता. चढा, थोडा धारेचा, आणि वर गेला की तिथे ठाण मांडून बसणारा. मंडपाच्या शेवटच्या खांबापाशी बसलेल्या म्हातारीलाही शब्द न शब्द कळायचा, आणि तेही माइक नसताना. सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा. शेजारच्या गावचा एक गाणारा असल्या चाली लावायचा, त्याचं भजन असलं की नाना चप्पल घालून सरळ शेतात निघून जायचे.

आमच्या भजनाची रीत साधी आहे. पुढचा एक ओळ म्हणतो, मागचे टाळकरी तीच ओळ म्हणतात. पुढच्याने ओळ पुरी केल्याशिवाय मागचा तोंड उघडत नाही. चाल वर चढायची असली तर आधी पुढचा एकटा चढून दाखवतो, मग मागचे चढतात. ह्यात कुणी चुकत नाही, कारण ह्यात मान आहे. पुढच्याच्या तोंडातली ओळ मागच्याने घेतली तर तो उर्मटपणा झाला.

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं. दहीहंडी फोडायच्या आधी नाना एक गौळण म्हणायचे, कृष्णाच्या खोड्यांची. तिची चाल त्यांच्या चुलत्यांनी बांधलेली होती, आणि ती आमच्या गावाशिवाय कुठेच नव्हती. तिसऱ्या ओळीला ती चाल एकदम वर जाते आणि तिथेच थांबून राहते, खाली यायला तयार नसते. लहानपणी त्या ओळीला मी आईचा पदर धरून ठेवायचे. नाना पडतील असं वाटायचं.

मग नानांच्या गळ्यात गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. पण आवाजाची शीर दुखावली होती. बोलायला येत होतं, थोडं घोगरं. खालच्या सुरात गुणगुणायलाही येत होतं. वर गेलं की आवाज फाटायचा आणि मग नुसती हवा यायची. डॉक्टर म्हणाले, ह्याहून जास्त सुधारणा होईलसं वाटत नाही. नानांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन टाळ खुंटीवरून काढून कोठीत ठेवून दिले.

ते गाणं सोडून गप्प बसले असते तरी मी समजून घेतलं असतं. पण घरातलं सगळंच गाणं त्यांनी बंद केलं. रेडिओ बंद. टीव्हीवर कीर्तन लागलं की चॅनल बदल. आईला ज्वारी निवडताना, भाकरी थापताना गुणगुणायची जन्माची सवय. कोणतं गाणं म्हणून विचारलं तर तिलाही सांगता यायचं नाही, नानांचंच काहीतरी असायचं. एक दिवस नाना ओसरीवरून म्हणाले, "बस कर आता." आईने बस केलं. मी गावी जायचे तेव्हा ते घर मला परकं वाटायचं. चुलीवर भाकरी पडल्याचा आवाज तेवढा यायचा.

त्यानंतर दोन सप्ते झाले आणि दोन्ही काल्यांना ती गौळण झालीच नाही. मृदंगवाले मामा, आईचे चुलत भाऊ, नानांच्या जोडीने आयुष्यभर वाजवलेले, ते मला एकदा म्हणाले, "ती चाल तुझ्या बापासंगं जाणार, बाई. दुसऱ्या कोणाला येत न्हाई असं न्हाई. पर पुढं उभं राहून म्हणावं कोणी?" मी नानांना म्हटलं, निदान पोरांना शिकवा. ते म्हणाले, "जिथं चढायचं तिथं मलाच चढता येईना, तर शिकवू काय? हात दाखवून शिकवू का?" एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले.

तिसऱ्या सप्त्याला मी रजा टाकून गेले. कापूस वेचून झालेला, हरभरा घाट्यावर आलेला, माणसं जरा मोकळी होती. सप्त्यात वीणा अखंड चालू असतो. कुणीतरी एक जण तो गळ्यात घेऊन देवापुढे उभा असतो, आणि त्याचा पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात देतो. वीणा जमिनीवर टेकवायचा नाही, खुंटीला अडकवायचा नाही, हातातून सोडायचा नाही. त्या वर्षी नानांनी वीण्याचा पहारा मागून घेतला. तोही जेवणानंतरचा, कुणाला नको असलेला. सगळा गाव तेव्हा आडवा झालेला असतो आणि भजनही नसतं. मला कळलं ते का. वीणा धरायला गळा लागत नाही. देवळात यायचं, पण कुणी 'म्हणा' असा आग्रह करू नये, एवढीच त्यांची सोय होती.

त्या दुपारी स्पीकरवाल्याचा पेनड्राइव्ह चालेना. तो माझ्याकडे आला. "ताई, तुमच्या फोनवर एखादं भजन लावता का? म्या जल्दी जाफराबादला जाऊन दुसरा घेऊन येतो." मी फोन जोडून दिला, एक रेकॉर्ड केलेलं भजन लावलं, फोन मशीनवर ठेवला आणि स्वयंपाकाच्या मांडवात पुऱ्या लाटायला गेले. संध्याकाळच्या पंगतीच्या. भजन संपल्यावर फोन आपल्या मनाने पुढचं काही लावतो, हे मला माहीत असायला हवं होतं. माझ्याच फोनला माझीच आवड माझ्याहून चांगली ठाऊक.

आधी पियानो आला. मी लाटणं थांबवलं. माझ्या शेजारी पीठ मळणारी बाई म्हणाली, "हे कुठलं वाजून राह्यलं?" मग ती बाई गायला लागली, आमच्या देवळाच्या शिखरावरून, चारी दिशांना, हरभऱ्याच्या रानापर्यंत. कानात घालून आजवर ऐकलेला आवाज गावाएवढा झाला होता. एक क्षण मी नुसती ऐकत उभी राहिले, खरं सांगते. मग भानावर आले आणि पिठाचे हात घेऊन धावत सुटले. पाठीमागे बायका हसत होत्या.

मंडपात चार-पाच म्हातारे टाळकरी सतरंजीवर झोपलेले. त्यातले दोघे उठून बसले होते आणि भोंगा बिघडला की काय म्हणून वर बघत होते. मृदंगवाले मामा जागे होते, पण तो फोन म्हणजे त्यांच्या दृष्टीने विंचू, त्याला हात कोण लावणार? आणि नाना देवापुढे वीणा घेऊन उभे. त्यांना तो खाली ठेवता येत नव्हता, फोनपर्यंत जाता येत नव्हतं, दुसऱ्याच्या गळ्यात द्यावा तर पुढच्या पहाऱ्याचा माणूस घरी घोरत पडलेला. मी मशीनकडे झेपावले. पिठाचं बोट फोनवर टेकवणार तेवढ्यात नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले, "राहू दी."

मी थांबले. त्यांचा हात तारेवर चालूच होता. वीण्याचा सूर एकीकडे आणि पियानो एकीकडे, दोन्हींचं काही जमत नव्हतं, पण त्यांना त्याचं काही वाटत नसावं. मान किंचित तिरकी केलेली. चांगला गाणारा गावात आला की ते अशी मान करायचे. मागची माणसं आली, टाळ्या आल्या. मामांनी मृदंग ओढून घेतला आणि आधी एका बोटाने, मग पंजाने ठेका धरला. बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने टाळ उचलले. मला हसूही येत होतं आणि रडूही. आणि मग ती जागा आली जिथे ती बाई ओळ अर्धी म्हणते आणि सोडून देते. नुसती सोडून देते. पुढची अर्धी मागची माणसं वर घेऊन जातात, इतकी वर की ती नंतर हळूच खालून येऊन त्यांच्यात मिसळते.

नानांचा तारेवरचा हात क्षणभर अडखळला.

पहारा बदलल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. पाणी प्यायले, आणि विचारलं, "ती बाई गाऊन राह्यली व्हती का रडून?"

"दोन्ही, नाना."

"अन् मधीच सोडलं ते कामून? गळा संपला का तिचा?"

"नाही. मुद्दाम सोडते. मागचे धरतात."

"तिनं म्हणायच्या आधीच?"

"हो. त्यांना ठाऊक असतं ना."

पेला उपडा ठेवून ते म्हणाले, "आपल्यात असं चालत न्हाई." पण ते भांडायच्या सुरात नव्हतं. आपल्याच मनाशी काहीतरी पडताळून बघावं तसं होतं.

संध्याकाळी सप्त्याचे अध्यक्ष, नात्याने माझे चुलतकाका, घरी आले. मंडपात फिल्मी गाणं वाजलं, पाव्हण्यारावळ्यांनी ऐकलं, गावाची काय शोभा राहिली, असं सगळं झालं. माझं डोकं लवकर तापतं. मी म्हणाले, मागच्या साली तुमच्याच नातवाच्या हळदीला ह्याच भोंग्यावर काय काय वाजलं ते सांगू का? काका गोरेमोरे झाले. पण 'फिल्मी' हा शब्द ऐकून नाना माझ्याकडे वळले. "फिल्मची व्हती ती?"

मला वाटलं, झालं, आता बिघडलं. मी सांगितलं, हो, सिनेमातलीच. पण ती गाणी सिनेमासाठी जन्मलेली नाहीत. त्यांच्या चर्चमध्ये म्हणतात तशी ती तिने सिनेमात नेली. बाई लहानपणापासून तिथेच गायलेली. आमच्याकडे सिनेमाची चाल देवळात येते, ह्याचा त्यांना जन्मभर राग. तिकडे देवळातली चाल सिनेमात गेली होती, आणि जाताना मान खाली घालून गेली नव्हती. काकांना ते एवढंच म्हणाले, "फिल्मची असंल. पर देवाचं व्हतं ते. तू झोपला व्हतास, तुला काय माहीत?" काका चहा न घेता गेले.

त्यानंतर रोज पहारा संपला की नाना गोठ्याजवळच्या लिंबाखाली येऊन बसायचे आणि मला म्हणायचे, "लाव ती." नाव नाही, गाव नाही, नुसतं 'ती'. बाकीची गाणी मी ऐकवून पाहिली. एक फार जलद होतं, त्याला ते म्हणाले, "हे पोरांसाठी ठीक हाय." दुसऱ्या एका गाण्यात ती आवाजाला नुसती वळणं देत राहते, त्यावर म्हणाले, "गळा लई हाय तिच्याकडं, पर हितं दाखवून राह्यली." मी मुकाट ऐकून घेतलं, कारण नेमकं तेच मला वाटत आलेलं होतं आणि कुणापुढे बोलायचा धीर झाला नव्हता. त्या एका गाण्याला मात्र ते गप्प बसायचे. त्या जागेला हात वर करायचे, थांब म्हणून नव्हे, सोडलं म्हणून. आई समोर बसून शेंगा सोलत असायची. तिने इंग्रजी गाण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

काल्याच्या आदल्या संध्याकाळी नानांनी मामांना आणि टाळकऱ्यांना ओसरीवर बोलावलं. "उद्या गौळण म्हणतो," म्हणाले. मामांच्या हातातली बशी कलली. "तिसऱ्या ओळीला मी निम्म्यात सोडणार हाये. वर तुमी जायचं. तुमाला येती. जन्मभर मागं म्हणलीय." सगळ्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "तुमच्या आधी आमी?" नाना म्हणाले, "माझ्या आधी." तालीम वगैरे काही केली नाही. मी आग्रह धरला तर मला म्हणाले, "तू गप. उद्या व्हईल तवा व्हईल."

काल्याला मंडप भरला होता. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मधे दोरीला बांधलेली हंडी. नानांनी कोठीतून टाळ काढून आणले होते. कीर्तनकार महाराजांनी त्यांच्याकडे बघून मान लववली आणि बाजूला झाले. नाना पुढे आले. पहिली ओळ त्यांनी खालच्या पट्टीत घेतली. आवाज घोगरा, जुना धारेचा मुळीच नव्हे. मला आधी तो ओळखूच आला नाही. पण शब्द तसेच स्पष्ट होते. मागच्यांनी ओळ उचलली. दुसरी झाली. लोक सरसावून बसले, कारण ही गौळण दोन सप्त्यांच्या खंडानंतर कानावर पडत होती.

तिसरी ओळ आली. नाना अर्ध्यापर्यंत गेले, जिथून चाल उठते तिथपर्यंत, आणि सोडली.

मागे कुणीच धरली नाही.

मामांचा मृदंग चालू होता. टाळ चालू होते. टाळकरी नानांच्या तोंडाकडे बघत होते, ठरवलेलं सगळं त्यांना आठवत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण नानांनी म्हटल्याआधी म्हणायला त्यांचे ओठ उघडेनात. जन्मभराची रीत होती, एका संध्याकाळच्या सांगण्याने थोडीच मोडणार? मला वाटलं, संपलं. आता ते टाळ खाली ठेवतील, आणि ह्या वेळचं ठेवणं शेवटचं असेल. मला ती ओळ येत होती, पण तेवढ्या वर जाणारा गळा माझ्याकडे नव्हता.

बायकांच्या बाजूने आवाज आला. बारीक, पण चढा. जिथे नानांनी सोडली होती नेमकं तिथून ओळ उचलली गेली आणि वर गेली, आणि जिथे थांबायची तिथे थांबून राहिली. मी मान वळवली. आई खाली बघत होती, पदराचं टोक मुठीत धरलेलं. देवळात तिचा आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. ती मंडळात नव्हती, त्यामुळे मंडळाची रीत तिला कुणी शिकवलीच नव्हती. चाल मात्र तिच्याएवढी कुणालाच ठाऊक नव्हती. चुलीपुढे बसून तिने ती नानांच्या प्रत्येक तालमीला ऐकली होती. तिच्या मागोमाग दोन-चार बायका आल्या, मग सगळ्या बायका, आणि मग एकदाचे टाळकऱ्यांचे गळे सुटले. मंडप भरून गेला. नानांनी वळून पाहिलं नाही. ते डोळे मिटून उभे होते, आणि ओळ खाली उतरायला लागली तेव्हा ते आपल्या घोगऱ्या आवाजाने खालून तिच्यात येऊन मिसळले.

मी रडले. मोठ्याने रडले, लाज सोडून. उरलेली गौळण मला नीट ऐकू आली नाही.

पंगत उठल्यावर आम्ही घरी आलो. आई पाय पसरून भिंतीला टेकली. नाना टाळ पुसत बसले होते. तिच्याकडे न बघता म्हणाले, "एवढं वर जाती तू. मला एवढ्या वर्षांत कधी कळलं न्हाई. कुठं व्हतीस?"

"मागंच व्हते," आई म्हणाली.

नानांनी टाळ खुंटीला अडकवले. आई उठली, सूप घेतलं, आणि ज्वारी निवडता निवडता तिसऱ्या ओळीपासून गुणगुणायला लागली. ह्या वेळी तिला कुणी बस कर म्हणालं नाही.